मुकादमाच्या जिभेखाली

६ फेब्रुवारी

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. रोज नाही, सांगण्यासारखं काही घडेल त्या दिवशी. दैनंदिनी लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर नाही. आपल्याला काय वाटलं हे जगाला ऐकवता येत नाही, म्हणून कागदाला ऐकवायचं, असली ती हौस. माझं वेगळं आहे. जनावरांच्या तोंडाच्या कॅन्सरवर सौम्य लेझरचा उपचार आमच्याकडे पहिल्यांदा मी करते आहे, आणि उद्या त्याचं श्रेय घ्यायला रांग लागेल. तेव्हा कोण कुठे उभं होतं, याची नोंद कुठेतरी असावी.

रांगेत पहिले आमचे संचालक. मी त्यांना मनातल्या मनात फीत म्हणते, कारण महाविद्यालयात नवी कचराकुंडी आली तरी ते फीत कापायला हजर असतात. आज प्रयोगशाळेत आले, पिंजऱ्यात डोकावले आणि म्हणाले, "काय म्हणतायत आपले उंदीर?"

"हॅमस्टर," मी म्हटलं.

"तेच ते."

हा माणूस पशुवैद्यकाचं महाविद्यालय चालवतो.

त्यांना मार्च संपायच्या आत 'प्रकाशोपचार विभाग' उघडायचा आहे. पाहुणे ठरलेत, पाटी रंगवायला दिलीय. "निकाल चांगलेच येणार ना, मॅडम?" म्हणाले. मी म्हटलं, "निकाल येणार." त्यावर ते हसले. जे कळत नाही त्याला ते हसतात, त्यामुळे दिवसभर हसतमुख असतात.

प्रयोग साधा आहे. हॅमस्टरच्या गालात दाणे साठवायची पिशवी असते. तिच्यात एक रसायन ठरावीक दिवशी चोपडत राहिलं की काही आठवड्यांनी गाठ धरते, माणसाच्या तोंडात होते तशीच. मग निम्म्यांना लाल लेझर द्यायचा आणि निम्म्यांना यंत्र नुसतं टेकवून बंद ठेवायचं. पिंजऱ्यांवर पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्या आहेत. पिवळे उजेडाचे. हे एकट्या मला माहीत. उजेडही मीच देते, दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा विश्वास नाही.

पहिली तुकडी संपली. गालांचे तुकडे तपासायला पुटपुट्याकडे गेलेत. पुटपुट्या म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट. पेशी ओळखण्यात आयुष्य गेलं, पण बोलतात ते स्वतःच्या शर्टाच्या कॉलरशी. प्रत्येक वाक्याची सुरुवात "तसं पाहिलं तर" अशी, आणि शेवट कवळीच्या टकटकीत हरवतो.

९ फेब्रुवारी

ताईचा फोन. तिचे फोन दोनच कारणांसाठी येतात, मी जेवले का हे विचारायला, नाहीतर बोक्यासाठी.

"छोटे, मुकादम लाळ गाळतोय गं. खायला जातो आणि ओरडून मागे सरतो."

मी अठ्ठावन्न वर्षांची विभागप्रमुख आहे. छोटे.

कॉलेज सुटल्यावर गेले. ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, कोटाला अस्तर लावणं. खाली दुकान, वर एक खोली. भावजी गेल्यापासून ती आणि हा करडा बोका. तो काउंटरच्या टोकाला बसून गिऱ्हाइकांवर आणि तिच्यावर नजर ठेवतो, स्वतः काडीचं काम करत नाही, म्हणून मुकादम. आमच्या संचालकांत आणि त्याच्यात फरक एवढाच, की मुकादमाला उंदीर ओळखता येतो.

ताईने त्याला धरलं, मी तोंड उघडलं. जिभेच्या मुळाशी, खालच्या अंगाला, चिघळलेली गाठ. वास आला तेव्हाच कळलं होतं. एक तुकडा काढला. तो पुटपुट्याकडे जाईल, आणि जे मला आज माहीत आहे ते त्यांना आठवड्याने कळेल.

ताईला सरळ सांगितलं की कॅन्सर आहे, आणि कापून काढण्यापलीकडे गेलाय. लोकांना गोड बोलून झुलवत ठेवणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तो खातोय तोवर."

तिने त्याच्या डोक्यावरचा हात काढला नाही. म्हणाली, "बरं." मग, "तुझं ते लाल यंत्र लावता येईल का गं त्याला?"

पुस्तकांत लिहिलंय की जिवंत गाठीवर लेझर मारू नये. लिहिणाऱ्यांनी कधी मारून पाहिलेला नसतो. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. चिघळलेल्या जखमा या उजेडाने भरताना मी वर्षानुवर्षं पाहिल्यात. घोड्यांच्या पाठी, कुत्र्यांचे पंजे. गाठीची जखम तेवढी वेगळी का असावी, ते मला कोणीतरी पटवून द्यावं.

लावते म्हणाले.

१४ फेब्रुवारी

हातातलं छोटं यंत्र घेऊन गेले. आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं. बोक्याला महाविद्यालयात आणा म्हटलं तर ताई म्हणते, तो पेटीत बसला की घाबरून लघवी करतो. म्हणजे विभागप्रमुखांनी घरपोच सेवा द्यायची.

डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून दोघींनी हिरवे चष्मे लावायचे. ताईने लावला, आरशात पाहिलं आणि खुदकन हसली. "आपण दोघी बेडकीच दिसतोय." मी हसले नाही. उपचार चालू असताना हसल्यावर हात हलतो.

मुकादम मात्र बरा वागला. टॉवेलमध्ये गुंडाळला तसा पडून राहिला. माझ्या विद्यार्थ्यांना इतकं स्वस्थ बसता आलं असतं तर दोनचार तरी पास झाले असते.

निघताना ताई म्हणाली, जेवून जा. तिला वाटतं मी घरी उपाशी असते. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा जेवणं कमी वेळाचं, म्हणून जेवले.

२० फेब्रुवारी

मुकादमाने आज वाटी चाटून पुसून साफ केली. मऊ भात आणि मासा, पण आपणहून. लाळही कमी. ताईने दारातच सांगायला सुरुवात केली, मी चपला काढायच्या आत. शेजारच्या किल्ल्या करणाऱ्यालाही तिने बोलावून आणलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "हिच्या उजेडाने हो. चार दिवसांत." तो मान डोलावत म्हणाला, "उजेडात असतंच काहीतरी." विज्ञानाला लोकमान्यता मिळाली.

यंत्राचं काम थोडक्यात आटोपतं. पण त्यानंतर ताई बोलत बसते. कोणाच्या लग्नातला कोट, कोणाचं पोट कसं वाढलंय आणि तो ते शिंप्याच्या चुकीवर कसं ढकलतो. तिच्या सांगण्याला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. आज निघायला उशीरच झाला. संध्याकाळ वाया.

२४ फेब्रुवारी

पुटपुट्या माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"तसं पाहिलं तर, मॅडम," कॉलर म्हणाली, "पिवळे वाईट आहेत."

"वाईट म्हणजे?"

"गाठी मोठ्या. आणि पेशी... तसं पाहिलं तर, हिरव्यांत त्या थर सोडून फार आत गेलेल्या नाहीत. पिवळ्यांत खाली स्नायूंत घुसल्यात. बऱ्याच जणांत. पिवळ्यांना तुम्ही काय दिलंय मला माहीत नाही, आणि सांगूही नका. पण जे दिलंय ते..." पुढचं कवळीने खाल्लं.

मी विचारलं, "तुम्हाला पिवळा आणि हिरवा रंग वेगळे दिसतात ना?"

ते म्हणाले, "दिसतात."

"काचपट्ट्यांची सरमिसळ?"

"नाही झाली."

"पुन्हा बघा."

"दोनदा पाहिल्यात, मॅडम."

"मग तिसऱ्यांदा बघा."

गेले. जाताना दार लावलं नाही, हेही नेहमीचंच. हा माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, दृष्टी अधू, जेवणाच्या सुट्टीनंतर खुर्चीत पेंगताना मी स्वतः पाहिलाय. अशाच्या नजरेवर माझं काम तोलायचं? जखमा भरताना मी पाहिल्यात. मुकादम जेवताना मी पाहिलाय.

दुसऱ्या तुकडीत गाठी धरल्यात, उजेड आता सुरू करायचा. तिच्यात पट्ट्या उलट लावल्या. आता हिरवे उजेडाचे. पुटपुट्यांना सांगणार नाही. पिवळ्या रंगाशी त्यांचं जुनं वैर असेल तर उघडं पडेल.

संध्याकाळी ताईकडे. नेहमीसारखा उजेड दिला.

२७ फेब्रुवारी

मुकादमाच्या हनुवटीखाली थोडी सूज. लेझरने रक्तपुरवठा वाढतो, तेव्हा सूज येणारच. ताईला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "सूज दाबली की मऊ लागते ना? ही कडक आहे."

तिने शिवणयंत्र चालवावं, मी माझं यंत्र चालवते.

६ मार्च

फीतने बैठक घेतली. विषय उद्घाटन. पाऊण तास खुर्च्यांच्या कव्हरांचा रंग, मग समारंभात कोणाच्या बाजूला कोण, मग माझ्याकडे वळून, "मॅडम, एखादा बरा झालेला पेशंट व्यासपीठावर आणता येईल का? गोंडस असला तर उत्तम." मी म्हटलं, तोंडाचा कॅन्सर झालेली जनावरं गोंडस दिसत नाहीत. त्यावर म्हणाले, "रिबन बांधू."

तोंडात गाठ असलेल्या कुत्र्यांच्या दोन मालकांनी आधीच नावं नोंदवलीत. वर्तमानपत्रात आलं म्हणे. एक बाई फोनवर रडत होत्या. मी त्यांना उद्घाटनानंतरची वेळ दिली.

११ मार्च

मुकादम आजही जेवला, पण डोकं तिरकं करून, एका बाजूने. जीभ बाहेर राहते. मांडीवर घेतला तर हाडं लागली. खातो आहे तरी वजन उतरतंय. जबडा एका बाजूला फुगलाय.

ताईने विचारलं, "छोटे, हे बरं होत चाललंय का?"

"दुखणं कमी आहे ना त्याचं?"

"ते आहे. पण मी ते विचारलं नाही."

मी म्हटलं की या टप्प्यावर काही सांगता येत नाही. हे फीतचं वाक्य आहे. माझ्या तोंडात कसं आलं कळलं नाही.

आज ताईने गोष्टी सांगितल्या नाहीत. एका कोटाची शिवण उसवत बसली. मीही बसले. तिच्या दुकानातली गिऱ्हाइकांची खुर्ची अत्यंत गैरसोयीची आहे, एक पाय आखूड. उठेपर्यंत कंबर धरली होती.

१५ मार्च

पुटपुट्या आले, आणि या वेळी न सांगता बसले. हातात रुमाल, तो पिळत होते.

"तसं पाहिलं तर, मला माफी मागायची आहे."

मला आत बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण लगेच पुढे काय झालं तेही लिहायचं आहे.

"या वेळी हिरवे वाईट आलेत," ते म्हणाले. "पिवळे बरे. मागच्या वेळच्या अगदी उलट. म्हणजे मागच्या वेळी मी कुठेतरी चुकलो असणार. किंवा या वेळी. दोन्ही तुकड्या एकत्र केल्या तर... फरक उरत नाही. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. वय झालं, मॅडम. मी संचालकांना तसं कळवतो, मला यातून मोकळं करा म्हणून."

त्यांच्या कपाळाला घाम होता. मी त्यांना पाणी दिलं. का दिलं माहीत नाही, मी कोणाला पाणी देत नाही.

म्हटलं, उद्या बोलू.

ते गेल्यावर खोलीत एकटी बसले. दोन्ही वेळा उजेडाचे वाईट. पट्ट्या मी उलट केल्या होत्या आणि या पेंगणाऱ्या माणसाने रंगाला न भुलता दोन्ही वेळा नेमके तेच ओळखले. आणि हे एकट्या मला माहीत आहे. मी गप्प बसले तर फरक उरत नाही. फीत खूश, पाटी लागेल, आणि पुटपुट्या स्वतःला दोष देत घरी जातील.

इतकं सोपं आहे की किळस आली.

१६ मार्च

सकाळीच त्यांच्या खोलीत गेले. ते सामान आवरायच्या बेतात दिसले, मेजावरच्या पेन्सिली एका रबरबँडमध्ये बांधलेल्या.

"तुम्ही चुकला नाहीत," मी म्हटलं. "दुसऱ्या तुकडीत पट्ट्यांचे रंग मी बदलले होते. दोन्ही वेळा तुम्ही वाईट म्हणालात ते लेझरचेच."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेत होतात?"

"हो."

"मी पास झालो."

"दुर्दैवाने."

मग ते म्हणाले, आणि या वेळी कॉलरशी नाही, माझ्याकडे बघून आणि 'तसं पाहिलं तर' न लावता, "काल रात्रभर मी बायकोला सांगत होतो की माझे डोळे गेले."

पेन्सिलींचा रबरबँड सोडवून दिला आणि आले.

हॅमस्टर म्हणजे सगळी जनावरं नव्हेत, हे मलाही कळतं. दोन तुकड्या म्हणजे अंतिम सत्य नव्हे. पण ज्यांनी नुसतं पुस्तकातून उतरवून घेतलं असं मी म्हणत होते, त्यांनी निदान उतरवून तरी घेतलं. मी वाचूनही लेझर मारला.

कुत्र्यांच्या दोन्ही मालकांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या बाई विचारत होत्या, मग आता काय करायचं. दुखण्याचं औषध सांगितलं. दुसरं काही नव्हतं.

१७ मार्च

सवयीने यंत्र घेऊन गेले. ताईने मुकादमाला टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं आणि स्वतः चष्मा लावून तयार होती.

मी यंत्र पिशवीतून काढलं नाही. म्हटलं, "यापुढे लावायचं नाही."

"बिघडलं?"

हो म्हणता आलं असतं. तिने वाक्य तयार करून हातात दिलं होतं.

"नाही. आमच्या हॅमस्टरांत ज्यांना उजेड दिला त्यांच्या गाठी जास्त वाढल्या, जास्त आत गेल्या. मुकादमाचंही तसंच झालं असेल. सूज नव्हती ती. तू म्हणालीस तेच खरं."

तिने चष्मा काढला नाही, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"म्हणजे तू माझ्या बोक्यावर प्रयोग केलास?"

"प्रयोग हॅमस्टरवर होता. इथे उपचार होता."

"फरक काय गं?"

मी सांगायला लागले की दुखणं कमी झालं ते खोटं नव्हतं, तो जेवला ते खरं होतं, आणि तसाही तो वाचणार नव्हता. सगळं खरं होतं. जितकं खरं सांगत गेले तितका तिचा चेहरा बंद होत गेला.

"उचल तुझं यंत्र," ती म्हणाली. "हे चष्मेपण घे. आणि जा."

ताई मला कधी जा म्हणालेली नाही. जेवून जा म्हणते.

२३ मार्च

बरंच झालं. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मोकळ्या झाल्या. केवढं वाचन साचलं होतं. आज एक नियतकालिक उघडलं आणि तेच पान संध्याकाळभर समोर होतं. हल्ली लोक फार कंटाळवाणं लिहितात.

फीतला अहवाल दिला. त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला, कारण सुरुवातीपासून वाचायचा त्यांना कंटाळा. म्हणाले, "हे उद्घाटनानंतर सांगितलं तर?"

"उद्घाटनातच सांगणार आहे."

"मॅडम, पाहुणे येतायत."

"म्हणूनच."

ताईला फोन केला होता. उचलला नाही. गिऱ्हाईक असेल.

२५ मार्च

उद्घाटन झालं. सभागृह भरलेलं, खुर्च्यांना निळी कव्हरं. फीतने अर्धा तास माझी स्तुती केली. मी केलेलं एकही काम त्यांना सांगता आलं नाही, विशेषणं मात्र खच्चून होती.

मग मी उठले. साध्या भाषेत सांगितलं की या उजेडाने जखमा भरतात, दुखणं कमी होतं. पण आम्ही दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा तोंडाच्या गाठी उजेडाने वाढलेल्या दिसल्या. तेव्हा पुढचं कळेपर्यंत तोंडात गाठ असलेल्या एकाही जनावराला या विभागात हे यंत्र लावलं जाणार नाही. मीही लावलं होतं, ते चुकलं. तपासणी कोणी केली तेही सांगितलं आणि पुटपुट्यांना उभं राहायला लावलं.

टाळ्या वाजल्या! कडकडाट. कोणी ऐकलंच नव्हतं. पहिल्या रांगेतला पाहुणा तर हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत होता. दीडशे माणसांना मी सांगते आहे की मी चुकले, आणि ती माणसं शाबास म्हणतायत. शेवटच्या रांगेत उभे पुटपुट्या तेवढे टाळ्या वाजवत नव्हते.

फीतने आभार मानले, "हा निष्कर्षसुद्धा ऐतिहासिक आहे" असं जाहीर केलं आणि फीत कापली. कात्री बोथट होती. तीनदा चालवावी लागली.

२९ मार्च

दुपारी लसवाल्याचा फोन. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी याचा दवाखाना आहे. माझाच विद्यार्थी, काठावर पास. लसी टोचण्यापलीकडे मजल गेली नाही, पण दवाखान्यात मासे ठेवायची काचेची पेटी आहे.

"मॅडम, तुमच्या ताईंनी तुम्हाला सांगू नका म्हटलंय. पण बोक्याला झोपवायचंय. आज बोलावलंय मला. कालपासून पाणीही गिळत नाही. शीरच सापडेना त्याची, सकाळी सलाइन लावायला गेलो तर दोनदा चुकलो. त्याला दुखलं, मॅडम."

"कुठल्या पायात टोचलंस?"

"पुढच्या."

"मागच्या पायात आतून बघायची. तिसऱ्या वर्षाला शिकवलं होतं."

"तुम्ही येता का?"

ताईने मला बोलावलं नाही. या गाढवाला बोलावलं. इतकी वर्षं मी जनावरांच्या शिरा शोधतेय आणि माझ्या बहिणीने दोनदा चुकणाऱ्याला बोलावलं. मी फोन ठेवला, बॅग घेतली आणि निघाले.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. लसवाला कोपऱ्यात उभा. ताई काउंटरमागे खाली बसलेली, मुकादम मांडीवर. तोंडाची एक बाजू ओळखू येत नव्हती.

ताई म्हणाली, "तू कशाला आलीस?"

"याला शीर सापडणार नाही."

तिने लसवाल्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग तिने मुकादमाचा मागचा पाय टॉवेलातून मोकळा केला.

आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. त्याचं डोकं जड झालं तसं ताईने हातावर घेतलं. शीर दोऱ्यासारखी झाली होती. पहिल्याच वेळी मिळाली. हात हलला नाही. नंतर छातीला नळी लावून ऐकत राहिले, लागतं त्यापेक्षा जास्त वेळ, कारण नळी काढली की बोलावं लागलं असतं.

"गेला," मी म्हटलं.

लसवाला वाकून बाहेर पडला. जाताना डोळे पुसत होता. काठावर पास होणारे असेच.

ताई बोक्याच्या कानामागे खाजवत राहिली. त्याला आता कळत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. मग ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या उजेडाचं तुला कधी कळलं? मला सांगितलंस त्याच दिवशी?"

मी म्हटलं, "दोन दिवस आधी." मग म्हटलं, "नाही. पहिल्यांदा त्याच्या तीन आठवडे आधी कळलं होतं. ज्याने सांगितलं त्याला मी मूर्ख ठरवलं."

"आणि त्यानंतरही तू येत होतीस. चष्मा लावून."

"येत होते."

"माझ्या शेजारी बसून जेवत होतीस."

"हो."

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. रडली असती तर पाणी आणलं असतं. तिने मुकादमाला टॉवेलात नीट गुंडाळलं, चारही कोपरे आत दुमडून, गिऱ्हाइकाचा कपडा बांधावा तसा, आणि म्हणाली, "आज तुझं तोंड बघवत नाही मला. जा. परवा ये."

"परवा कशाला?"

"ये म्हटलं ना."

३१ मार्च

गेले. तिथे मला काही काम नव्हतं. बॅग नेली नाही, तर हात कुठे ठेवायचे कळेना.

ताई एका काळ्या कोटाचं अस्तर लावत होती. वर पाहिलं, "बस" म्हणाली, आणि पुन्हा सुई घातली. काउंटरचं टोक रिकामं होतं. तिथे तिने दोऱ्यांची रिळं ठेवली होती, मग बहुधा बरी दिसली नसावीत, माझ्या देखत उचलून खाली ठेवली. मी त्या गैरसोयीच्या खुर्चीत बसले. तिच्या गोष्टींना शेवट नसतो म्हणून मी वैतागायचे. आज तिने सुरुवातच केली नाही.

कोटवाला आला. जाडा, घामाघूम, अंगठीत रुतलेली बोटं. कोट घालून पोटावरची बटणं लावायचा प्रयत्न करत होता, श्वास रोखून. आरशात त्याला मी दिसले.

"या कोण?" त्याने ताईला विचारलं.

ताईने तोंडातली टाचणी काढली.

"माझी धाकटी बहीण. जनावरांची डॉक्टर आहे. फार हुशार."

कोटवाला म्हणाला, "अरे वा!"

ताई पुन्हा त्याच्या बटणांकडे वळली. 'हुशार' हा शब्द तिने कसा म्हटला, ते मी घरी येईपर्यंत मनात पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं. मला कळलं नाही. तिथे बसले होते तेव्हा विचारता आलं असतं. विचारलं नाही. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले.